पिण्याजोगी न्याहारी

अंकाच्या संपादकांनी थकलेल्या माणसांसाठी झटपट स्मूदींच्या पाककृती मागितल्या. पाककृती कुठेही मिळतात. पण आहारतज्ज्ञ म्हणून मानकोलीत काम करताना जे रोज समोर येतं, ते पाककृतीच्या आधीचं आहे, आणि ते सांगायची ही संधी मला सोडवेना.

मानकोली नाक्याच्या आजूबाजूला मुंबई-नाशिक महामार्गाला लागून गोदामंच गोदामं आहेत. मुंबई-ठाण्यात लोकांच्या दारात येणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी इथे भरली जातात, आणि ती भरणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. काल्हेर, कशेळी, अंजूर, दापोड्याहून त्या येतात. मोटागावचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहूनही येतात. पहिली पाळी गाठायची तर उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. पोटात काय, तर चहा आणि बिस्किटं, फार तर खारी. मग तक्रार ठरलेली: "मॅडम, अंगात त्राणच नाही."

यंदाच्या पावसाळ्यात अशीच एक बाई आली. हिमोग्लोबिन आठच्या घरात. मोबाईलवर पाहून ती बीट, कच्चा पालक आणि ओट्सची स्मूदी करत होती, आणि थोड्याच दिवसांत तिनं ती सोडली. चव आवडली नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "चव बरी होती. मिक्सरचं भांडं धुवायला उभं राहवत नव्हतं." तिचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. पाककृती देणारा प्रत्येक जण गृहीत धरतो की करणाऱ्याच्या अंगात ताकद आहे. ज्याला ती नाही त्याच्यासाठी चिरणं, सोलणं, भांडं धुणं हा सगळा खर्चच असतो, आणि तो ग्लास पोटात जाण्याआधीच होतो.

बिटाबद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज मी इतक्या वेळा खोडला आहे की आता शीण येतो. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. पालकात लोह असतं, पण त्याचं शोषण फार कमी होतं. शिवाय कच्च्या पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तर हिरव्या स्मूदीपासून लांबच राहावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. आजार वाढतो आहे आणि आपण रंग पाहून औषध निवडतो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

याच गोदामांत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले हमाल आणि ड्रायव्हर सकाळी काय घेतात, ते पाहा. स्टीलच्या पेल्यात भाजलेल्या चण्याचं सत्तू, पाणी, मीठ, चिरलेला कांदा आणि वर लिंबू. मिक्सर नाही, गॅस नाही. मूठभर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम सत्तूत सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे चण्यातलं लोह आतड्यात जास्त शोषलं जातं. चहातली टॅनिनं नेमकं उलटं करतात. चहासोबत लोहाचं शोषण किती घटतं, हे 1975 मध्येच प्रयोगानं दाखवून झालं आहे. आपल्याकडेही सातूचं पीठ होतंच: गहू आणि डाळं भाजून, जिरं-सुंठ घालून दळलेलं, ताकात किंवा गूळपाण्यात कालवायचं. उन्हाळ्यापुरतं आणि आजीपुरतं उरलेलं हे पीठ रोजच्या न्याहारीत परत यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता नाचणी. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण या एका मुद्द्यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. बाजारात नाचणीचं सत्त्व म्हणून जे मिळतं ते बरेचदा भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवून केलेलं असतं. म्हणजे मुख्यतः स्टार्च. नाचणीची ख्याती कॅल्शियमसाठी, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण त्याचा मोठा वाटा दाण्याच्या सालात असतो. साल चोथ्याबरोबर फेकून देऊन उरलेल्याला सत्त्व म्हणणं मला पटत नाही. नुकत्याच उठलेल्या आजाऱ्याच्या पोटाला ते हलकं पडतं, हे खरं. पण महिनोन् महिने थकवा सोसणाऱ्या माणसाला त्यानं काय मिळणार?

त्याऐवजी मोड आणलेल्या अख्ख्या नाचणीचं पीठ करावं. मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. साध्या पिठाची पेज दोन चमच्यांतच घट्ट होते. ती पिता यावी म्हणून आपण पाणी वाढवतो आणि पोट पाण्यानंच भरतं. त्यात चमचाभर मोडाचं पीठ मिसळून मंद आचेवर तापवलं की पेज आपोआप पातळ होते, मग तेवढ्याच ग्लासात दुपटीहून जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी लहान मुलांच्या आहारासाठी याच तत्त्वावर काम केलं. जे बाळाच्या इवल्याशा पोटाला लागू, तेच सकाळी दोन घास न जाणाऱ्या बाईलाही लागू आहे. मोडाचं पीठ फार खरपूस भाजू नये, विकर मरतं. आणि पेज शेवटी उकळावीच, कारण मोड येताना जंतूही वाढतात. हाच प्रयोग ज्वारीवर करू नका, ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मधुमेह असेल तर ही पातळ पेज साखर लवकर चढवते, हेही सांगायलाच हवं; मधुमेहींनी सत्तूकडे वळावं.

प्रोटीन पावडरीबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे 1970 च्या दशकात साऱ्या जगाला सांगत होते की गरिबांच्या आहारात तुटवडा आधी उष्मांकांचा आहे; उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जळण म्हणून वापरतं. त्यांची काही अनुमानं वादग्रस्त ठरली, पण हा मुद्दा टिकून आहे. उपाशीपोटी पाण्यात महागडी पावडर ढवळून पिणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

माझा ग्लास असा: रात्री झाकणाच्या डब्यात चार चमचे सातूचं किंवा सत्तूचं पीठ, दोन चमचे दाण्याचं कूट, थोडा गूळ. सकाळी त्यात ताक किंवा पाणी ओतून, झाकण लावून, बसल्या बसल्या हलवायचं. पाणी घेतलं तर लिंबू पिळायचं. सोबत केळं किंवा पेरू हातात धरून खायचा, वाटायचा नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये.

आणि ग्लासाच्या आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी 12, साखर. हिमोग्लोबिन आठ असताना कुठलीही न्याहारी गोळीची जागा घेऊ शकत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन निदान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये; लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावं. नीट चाललेले उपचार केवळ या वेळा चुकल्यानं वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दहा-बारा तास उभं राहून, तुटक झोपेवर काम करणाऱ्या शरीराला एक ग्लास किती पुरेल, ही शंका माझ्याही मनात असते. तो दिवसाची सुरुवात सावरतो, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. त्या बाईनं गोळ्या सुरू केल्या आहेत, पण रात्रीचा डबा भरणंही तिच्यावरच आहे. म्हणून ही विनंती तिच्यासारख्यांना नाही, त्यांच्या घरच्यांना आहे. नवरा असो, मुलगा असो, सासू असो; ज्याच्या अंगात ताकद आहे त्यानं आज रात्री तो डबा भरून ठेवावा.