स्वच्छतेचा वास

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की माझ्यासारख्या एरवी निरुपद्रवी गृहस्थाच्या अंगात एक वारे संचारते. वर्षभर खुर्चीतून न हलणारा हा प्राणी एकदम लेंगा खोचून माळ्यावर चढतो, जळमटे काढतो, घरातल्या साऱ्यांना सफाईचे धडे देतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो. आमच्या घरी हे गेली चाळीस वर्षे नेमाने चालले आहे. आमची ही त्याला ‘अंगात येणं’ म्हणते, आणि ते उतरेपर्यंत शेजारी जाऊन बसते.

या सफाईमागे माझी एक ठाम श्रद्धा होती. स्वच्छता ही नाकाने ओळखायची! डोळ्यांचा काय भरवसा? पण जिन्यातच फिनेलचा भपकारा आला, की समजावे, घर स्वच्छ आहे. डोळ्यांतून पाणी आले, तर फारच स्वच्छ आहे. आमच्या आईची सारी सफाई राख, चिंच, रिठे आणि काथ्या यांवर चालायची. चिंचेने तिची तांब्याची घागर लखलखायची; पण चिंचेला कुठे वास? त्यामुळे आई मागासलेली आणि मी सुधारलेला, असा माझा हिशेब होता. पुढे २०२० साली करोना आला आणि माझ्या श्रद्धेला राजाश्रयच मिळाला. फिनेलच्या जोडीला ब्लीच आले, ॲसिड तर होतेच. आमच्या मोरीखालची फळी एखाद्या प्रयोगशाळेसारखी दिसू लागली.

२०२२ च्या वसुबारसेची गोष्ट. स्वयंपाकघरात चकल्या चालल्या होत्या आणि आमच्या कामाच्या मावशी संडास घासत होत्या. ॲसिड टाकून झाले, तरी भांड्यावर एक पिवळी रेघ राहिलीच होती. मी दारातून हुकूम सोडला, “मावशी, त्याच्यावरच ब्लीच ओता. दोन्ही एकदम चाल करून गेली, की डाग कुठला टिकतोय! आणि दार लावून घ्या, वास चकल्यांपर्यंत यायला नको.”

मावशींनी ऐकले. त्या बिचाऱ्या माझे नेहमीच ऐकतात.

दोन मिनिटे झाली असतील, नसतील. दार धाडकन उघडले आणि मावशी तोंडावर पदर धरून बाहेर आल्या. खोकल्याची अशी उबळ, की त्यांना उभे राहवेना. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. डोळे लाल झाले होते. हिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आम्ही त्यांना धरून गच्चीत मोकळ्या हवेत नेले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी छाती तपासली, आणि त्रास मागाहूनही वाढू शकतो म्हणून दुपारभर मावशींना दवाखान्यात ठेवून घेतले. मग ते माझ्याकडे वळले.

“काका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलंत, की क्लोरीन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं शत्रूच्या खंदकांवर हाच वायू सोडला होता. तुम्ही तो मावशींवर सोडलात. तोही दार लावून.”

त्या रात्री मी चष्मा लावून दोन्ही बाटल्या प्रथमच वाचल्या. इतर कशातही मिसळू नये, हवा खेळती ठेवावी, हातमोजे वापरावेत – सारे तिथे बारीक अक्षरांत छापलेले होते. पण ते वाचणार कोण? बाटली आणणारा मी, आणि ओतणाऱ्या मावशी. मी वास घेऊन थांबलो, आणि मावशींना चष्मा नाही.

आठवड्याने मावशी कामावर आल्या. मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडं एक दिवस झालं. शाळेत तर रोजचंच आहे.”

मावशी सकाळी एका शाळेत सफाईला जातात. आमची नात त्याच शाळेत दुसरीत होती.

“जूनपासून तिथं लई कडक औषध आणलंय,” मावशी सांगू लागल्या. “कुणा पोरीच्या आजोबांनी तक्रार केली म्हणे. संडासाला फिनेलचा वास येत नाही, शाळा साफसफाई करत नाही म्हणून.”

मी काहीच बोललो नाही. पालकसभेत उभे राहून ते भाषण मीच ठोकले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

दिवाळीची सुट्टी संपताच मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना सारे कबूल केले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “वासाची तक्रार आली, की आम्ही बाटली बदलतो. मावशींचा खोकला कुणी तक्रारवहीत लिहीत नाही.” मग त्यांनी मला सामानाची खोली दाखवली. खालच्याच फळीवर, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर, सरबताच्या जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलेले! माझ्या नातीला सरबत फार आवडते. माझे पाय लटपटले.

त्या दिवसापासून मी आणि बाईंनी मिळून जे शिकायचे ते शिकलो. रोजची घाण काढायला साबण, पाणी, ब्रश आणि मनगट एवढे पुरते. साबण घाण सुटी करतो, पाणी ती वाहून नेते. बहुतेक जंतूही तिच्याबरोबरच जातात. भांड्यावरचा पिवळा खार किराणा दुकानातल्या लिंबूसताने सुटतो. तासभर धीर मात्र धरावा लागतो. लिंबू काय, व्हिनेगर काय, खार काढतात, पण रोगजंतूंवर त्यांचा भरवसा धरू नये. कुणी ओकले, घरात संसर्गाचा आजार आला, तर ब्लीच हवेच. ते आधी साबणाने जागा धुऊन, साबण पाण्याने काढून, मग पाण्यात नीट प्रमाणात मिसळून, एकटेच वापरायचे. ॲसिडच काय, लिंबूसतही त्याच्या वाटेला जाऊ द्यायचे नाही.

आणखी एक शोध लागला. आमच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर ॲसिड पडले, की फेस यायचा, आणि मी आनंदाने म्हणायचो, “बघा, कशी घाण निघतेय!” शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. निघत होती ती फरशीच!

२०१८ साली नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक माणसांची वीस वर्षांची माहिती तपासून प्रसिद्ध केली. सफाईचे काम करणाऱ्या, आणि घरी स्वतः सफाई करणाऱ्याही, स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा जलद घटल्याचे त्यांना दिसले. ते वाचले तेव्हा मला मावशी आठवल्या, आणि मग आमची ही. मला अंगात आले, की ही शेजारी का जाऊन बसते, ते मी चाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते.

शाळेतून ॲसिड गेले. मावशींना हातमोजे मिळाले, लांब दांड्याचे ब्रश मिळाले, आणि संडासाच्या बंद पडलेल्या खिडक्या सुताराने उघडून दिल्या. ब्लीच कुलपात असते आणि मुले घरी गेल्यावरच निघते. पुढच्या पालकसभेत मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. एका गृहस्थांनी विचारले, “पण मग स्वच्छ झालंय हे कळायचं कसं?” मी म्हणालो, “वाकून पाहायचं.” कंबर धरून का होईना, हल्ली मी तेच करतो.

मावशींचा खोकला पूर्ण गेला, असे मला लिहिता आले असते तर बरे झाले असते. कमी झाला आहे. थंडीत अजून उबळ येते, आणि ती आली, की मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवतो.

गेल्या भाऊबीजेला माझी धाकटी बहीण आली. दारातच थबकली, दोनदा नाक वर करून हुंगले आणि म्हणाली, “दादा, यंदा घर धुतलं नाहीस वाटतं? कसलाच वास येत नाही!”

आतून ही म्हणाली, “नीट बघ. चिवड्याचा येतोय.”