अप्पांचा पंचा, माझी काळी कार
वीकेंडला जळगावहून धुळ्याला घरी पोचेपर्यंत काळी कार मातकट झालेली असते. अप्पा लगेच खांद्यावरचा पंचा काढून कोरडीच पुसायला घेतात. बॉस, माया असते ती! पण पंच्याखाली धुळीचे कण पॉलिश पेपरसारखे घासतात, आणि वरचा क्लिअरकोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. म्हणून मायक्रोफायबर टॉवेल आणले: 70 टक्के पॉलिस्टर, 30 टक्के पॉलिअमाइड, दाट लवीचे. लेबल ओरखडतं, ते आधी उसवायचं. गाडीवर पाणी मारूनच पुसायचं. टॉवेल खाली पडला, तर तो चाकांना. धुताना सुती कपडे दूर, कंडिशनर तर नकोच. अप्पांना हे सगळं सांगणं ईएमआयपेक्षा जड! मी नुसता टॉवेल हातात दिला. ‘‘मऊ आहे रे,’’ म्हणाले, आणि आंघोळीला घेऊन गेले.