पाऊस पिणारं शहर

पादोवाहून निघालेली गाडी मेस्त्रे स्थानक सोडते आणि दोन्ही बाजूंची जमीन संपते. पुढे साडेतीन किलोमीटरांहून लांब पूल. खाली उथळ, राखाडी-हिरवं पाणी, त्यात रोवलेले लाकडी खांब आणि खांबांवर पंख मिटून बसलेले समुद्रपक्षी. हा रेल्वेपूल 1846 साली झाला. त्याआधीची कित्येक शतकं व्हेनिसला यायचं तर होडीशिवाय वाट नव्हती. डब्यातले अर्धे लोक रोज ये-जा करणारे, मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. मी मात्र काचेवरचं धुकं बाहीनं पुन्हापुन्हा पुसत होते.

एकटीनं व्हेनिसला जायचं, तेही नोव्हेंबरच्या पावसात, हे वर्गातल्या मैत्रिणींना काही पटलं नव्हतं. ते जोडीनं जायचं गाव, वसंतात जायचं गाव, असं त्यांचं म्हणणं. पण मला पाऊसच हवा होता. पादोवा विद्यापीठात मी पाण्याची अभियांत्रिकी शिकते. पहिल्या सत्रात सरांनी फळ्यावर एक छेद काढून दाखवला होता: खोल खड्डा, त्याला चिकणमातीचं अस्तर, आत वाळू आणि मधोमध विटांची उभी नळी. व्हेनिस एकोणिसाव्या शतकापर्यंत याच्या जिवावर जगलं, असं ते म्हणाले. चहूकडे पाणी आणि त्यातला थेंब पिता येत नाही, म्हणून त्या माणसांनी आभाळातलं पाणी साठवलं. लातूरहून आलेल्या मुलीनं हे ऐकल्यावर उन्हाचा दिवस कशाला शोधायचा?

सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. फोटोंत शेकडो वेळा पाहिलेलं दृश्य, तरी पाय थबकलेच. पलीकडे सान सिमेओने पिक्कोलो चर्चचा हिरवा घुमट पावसात भिजत होता. रस्ता असायला हवा तिथून बस जात होती, पण ती पाण्यावरून. मागोमाग सिमेंटच्या गोण्यांची बोट, मग कपडे धुऊन परत आणणारी हॉटेलांची बोट, मग भोंगा वाजवत अँब्युलन्सची बोट. या शहराच्या आत एकही मोटार येत नाही. चाकांचा आवाज नाही म्हटल्यावर कानांना दुसरंच काही ऐकू येऊ लागतं: पावलं, पाण्याचं थपथपणं, कुणाच्या तरी खिडकीतून येणारी बोलणी. बसबोटीचं साधं तिकीट साडेनऊ युरो. मी छत्री उघडली आणि चालू लागले.

पहिल्या विहिरी भेटल्या त्या गेट्टोत. 1516 साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी शहरातल्या ज्यूंना एका छोट्या बेटावर राहायची सक्ती केली. रात्री दारं बंद होत आणि बाहेर पहारा असे. जागा वाढायला वाव नाही, म्हणून घरं वर चढत गेली. इथल्या इमारती बाकीच्या व्हेनिसपेक्षा उंच आणि मजले ठेंगणे. मधल्या मोकळ्या चौकात, इथं त्याला काम्पो म्हणतात, दगडी कठड्याच्या तीन विहिरी आहेत. कठडा मोठ्या उखळासारखा, अखंड दगडाचा, वर लोखंडी झाकण. चौकात एक आजोबा नातवाला शाळेतून घरी नेत होते आणि तो मुलगा झाकणावर थापट्या मारत विहिरींना फेऱ्या घालत होता.

आपल्याकडच्या विहिरीत जमिनीतला झरा असतो. इथं खणलं तर खारं पाणीच लागणार. म्हणून ही विहीर म्हणजे खरं तर चौकाखाली लपवलेली एक मोठी गाळणी. चौकाचा बराचसा भाग पाच-सहा मीटर खणायचा. तळाला आणि कडांना चिकणमाती थापायची, म्हणजे खारं पाणी आत झिरपणार नाही. खड्डा वाळूनं भरायचा. मधोमध तळापासून वरपर्यंत विटांची नळी बांधायची. वर फरसबंदी करताना तिला किंचित उतार द्यायचा आणि सखल जागी भोकं पाडलेले दगड बसवायचे. पावसाचं पाणी, आजूबाजूच्या छपरांवरचंसुद्धा, त्या भोकांतून वाळूत उतरतं, गाळत गाळत तळाशी जातं आणि तिथून नळीत चढतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोजदाद झाली तेव्हा सार्वजनिक आणि घराघरांच्या अंगणातल्या मिळून सहा हजारांहून जास्त विहिरी भरल्या होत्या. या चिमुकल्या शहरात!

मी त्या भोकं पाडलेल्या दगडाशी उकिडवी बसले. पाऊस जोर धरत होता. फरशीवरून पाण्याचे बारीक ओहोळ चौकाच्या उतारानं येत होते आणि दगडात शिरत होते. कित्येक शतकांपूर्वी कुणी गवंड्यानं दिलेला तो उतार अजून आपलं काम करत होता. शेजारून जाणाऱ्या एका जोडप्यानं मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. पुलावर, कठड्याला टेकून, एका छत्रीत. मी अगदी मन लावून काढला. दिवसभरात असे किती फोटो काढले असतील! एकटीनं फिरणाऱ्या मुलीला या शहरात हे काम आपोआप मिळतं आणि मला ते आवडलंही. लोक किती खूश होते.

2016 च्या एप्रिलमध्ये मी लातुरात शाळेत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरच्या पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कृष्णेचं पाणी आमच्या स्थानकात उतरलं. तिला पाहायला गर्दी लोटली होती. पप्पांनी मला खांद्यावर घेण्याइतकी मी लहान नव्हते, म्हणून मी त्यांच्या मोटारसायकलच्या सीटवर उभी राहिले होते. आमच्या गल्लीत त्या वर्षी बोअर पाडायची नुसती चढाओढ चालली होती. कुणाचा सातशे फूट, कुणाचा आठशे, आणि वर येते ती धूळ.

व्हेनिसच्या विहिरींनाही पहारा होता. झाकणांना कुलूप असे, किल्ली मोहल्ल्याच्या प्रमुखाकडे. ठरलेल्या वेळी घंटा वाजे, कुलूप निघे, लोक बादल्या घेऊन जमत. आणि पाऊस ओढ द्यायचा त्या वर्षी ब्रेन्ता नदीचं गोडं पाणी बोटींत भरून शहरात यायचं. पाणी वाहणाऱ्यांचा रीतसर संघच होता. ते पाणी विहिरींच्या वाळूवर ओतायचं, म्हणजे तेही गाळून निघे. हे वाचलं तेव्हा मला आमची वाघिणींची रांगच दिसली होती. फरक इतकाच की त्यांनी ते पाणीही मुरायला घातलं. आम्ही ते टँकरमध्ये भरलं.

सांता सोफियाच्या धक्क्यावर मला गोंडोला मिळाला. दोघांनी लाल गादीवर रेलून अर्धा तास हिंडायचं तर सरकारी दर नव्वद युरो. पण ग्रँड कॅनॉलवर पूल मोजून चार, आणि बाजारहाट करणाऱ्यांना पलीकडे जायचंच असतं. त्यांच्यासाठी त्रागेत्तो नावाची नाव चालते: तोच गोंडोला, जरा रुंद, दोन वल्हेकरी, परगावच्या माणसाला दोन युरो. लोक त्यात उभे राहून जातात. माझ्या पुढं पिशवी घेतलेली एक आजी होती. होडी हलली तरी तिचे गुडघे आपोआप सैल होत होते. मी तिचं बघून तसंच केलं. पलीकडे रिआल्तोचा मासळीबाजार लागतो. तिथं भिंतीवर जुनी संगमरवरी पाटी आहे: कोणता मासा किती लांबीचा झाल्याशिवाय विकायचा नाही, त्याची यादी. मी ती अक्षर न् अक्षर वाचली. खाजणातली पिल्लं वाढू द्यायची, हा नियम दगडात कोरून ठेवलेला! बाजाराला लागून असलेल्या एका लहानशा दुकानात काउंटरशी उभं राहून मक्याच्या पोलेन्ताच्या तुकड्यावर घोटलेला कॉड मासा खाल्ला. गरम, मऊ आणि जिभेला अनोळखी. दुसरा मागितला.

रिआल्तोच्या पुलाबद्दल काय लिहू? तो सुंदर आहे, त्यावर उभं राहायला जागा नाही. 1591 साली बांधून झाला. खाली चिखलात हजारो लाकडी मेखा ठोकलेल्या आहेत आणि चिखलात हवा पोचत नसल्यानं त्या कुजलेल्या नाहीत. पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी लावली आहे. ऐतिहासिक शहरात आज किती माणसं राहतात, तो आकडा. 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती आता पन्नास हजारांच्या खाली आली आहे. पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. त्रागेत्तोतली आजी त्या आकड्यातली एक.

सान मार्को चौकात पोचले तेव्हा भरती चढत होती. हा शहराचा सगळ्यात सखल भाग. पाणी कडेवरून येईल असं मला वाटत होतं, पण ते आलं खालून. फरशीतल्या मोरीच्या भोकांमधून बुडबुडे निघाले आणि समुद्र हळूच वर आला, वीतभर रुंद, मग हातभर, मग अर्ध्या चौकात आरसा. काम्पोत ज्या भोकांतून पाऊस खाली जाताना पाहिला होता तशाच भोकांतून इथं खारं पाणी वर येत होतं. चौकातल्या बॅसिलिकेभोवती 2022 पासून काचेची भिंत आहे, तिच्या आतला दगड कोरडा होता. यापेक्षा मोठी भरती येणार असली, साधारण 110 सेंटिमीटरांच्या वर, की खाजणाच्या तीन तोंडांशी समुद्रतळावर निजलेले 78 पोलादी दरवाजे उठतात आणि समुद्राला अडवतात. ‘मोसे’ नावाची ही यंत्रणा 3 ऑक्टोबर 2020 रोजी पहिल्यांदा कामाला लागली. 4 नोव्हेंबर 1966 ला पाणी 194 सेंटिमीटरांवर गेलं होतं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187 वर.

शहर बुडतं आहे, असं सगळे म्हणतात. त्यामागचं एक कारण मात्र मला जाहीरपणे सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर समोर मुख्य भूमीवरच्या मार्गेरा भागात कारखाने वाढले आणि त्यांनी जमिनीखालचं पाणी भरमसाट उपसलं. त्या काळात व्हेनिसखालची जमीन दहा सेंटिमीटरांच्या आसपास खचली. 1970 च्या दशकात उपसा थांबवला, तेव्हा खचणं मंदावलं. गेलेली बहुतेक उंची परत आली नाही. ज्यांनी हजार वर्षं पावसाचा थेंब न् थेंब जपला, त्यांच्याच दारात बोअरनी हे केलं. माझ्या गल्लीतल्या प्रत्येक घरी मला हे जाऊन सांगायचं आहे.

अकादेमियाचा लाकडी पूल ओलांडला आणि गर्दी मागं राहिली. सान त्रोव्हासोच्या चौकात चर्चसमोरचा मधला भाग दोन-तीन पायऱ्या उंच उचलला आहे, भरतीचं पाणी विहिरीत जाऊ नये म्हणून. शेजारी गोंडोला दुरुस्त करायचं जुनं आवार, काळ्या होड्या पालथ्या घातलेल्या. तिथून आणखी पश्चिमेला आंजेलो राफाएलेच्या चर्चजवळ मी मुद्दाम गेले. तिथली विहीर मार्को आरियान नावाच्या माणसाच्या पैशातून झाली. 1348 च्या प्लेगात तो मेला आणि मरताना लोकांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून विहिरीसाठी पैसे ठेवून गेला. प्रेमाच्या गावात प्रेमाच्या खुणा शोधत सगळे फिरतात. माझ्यापुरती ती खूण इथं सापडली होती.

कठड्याजवळ एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. माझ्या मोडक्या इटालियनमध्ये मी विहिरीबद्दल विचारलं, तर त्या खुलल्या. पूर्वी डोंगराकडच्या गावांतून बाया इथं पाणी वाहायला यायच्या, खांद्यावर वाकडी काठी, दोन टोकांना दोन तांब्याच्या बादल्या, जिने चढून घराघरांत. 1884 ला मुख्य भूमीवरून नळ आला आणि ते काम संपलं. मी त्यांना म्हटलं, माझ्या आजीनं डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक अशी अर्धं आयुष्य पाणी आणलं. त्यांनी छत्री कुत्र्यावरून माझ्याकडं सरकवली आणि कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ दाखवला. असे शंभरावर नळ शहरात आहेत, चांगलं पाणी, फुकट. मी बाटली भरून घेतली.

संध्याकाळी स्थानकाच्या पायऱ्यांवरून घरी फोन लावला.

‘‘एकटीच हिंडायलीस का गं? जेवलीस का?’’ आई.

‘‘जेवले. आई, पप्पांना दे ना.’’

पप्पांना मी सगळा छेद तोंडी सांगितला, खड्डा, चिकणमाती, वाळू, विटांची नळी. ते मधेच थांबवून नीट विचारत होते. गच्चीचं पाणी मुरवायचं त्यांच्या मनात केव्हापासून आहे.

‘‘वाळू कुठली घालायचे? समुद्राची तर जवळच होती त्यांना.’’

‘‘ती खारी, पप्पा. नदीची आणायचे, बोटीनं.’’

‘‘बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘आणि खड्ड्याचं माप एकदा लिहून पाठव. मीटरमध्ये नको, फुटात.’’