झाकण

मोरीतल्या दिव्याखाली रोल उलगडला, तर तो काचेसारखा स्वच्छ. आठ फ्रेम असायला हव्या होत्या, एकही नव्हती. नुसती ओली पारदर्शक पट्टी, आणि तिच्या कडेला कारखान्यातून आलेलं फिल्मचं नाव नि आकडे, ठसठशीत काळे. ते आकडे नसते तर मी खुशाल रसायनांवर खापर फोडलं असतं. डेव्हलपरच्या आधी चुकून फिक्सर ओतला की फिल्म अशीच कोरी निघते. पण मग कडेची अक्षरंही धुऊन जातात. इथे अक्षरं शाबूत होती. म्हणजे धुलाई बरोबर होती. फिल्मवर उजेडच पडला नव्हता.

तो रोल बाबांच्या फोटोंचा होता.

कॅमेरा फुजीचा, जीडब्ल्यू-690, 1985 साली आलेली दुसरी आवृत्ती. मी सेकंडहँड घेतलेला. जत्रेतल्या फुगीर आरशात छोटा लायका कॅमेरा बघावा तसा दिसतो. अमेरिकेत त्याला ‘टेक्सास लायका’ म्हणतात ते काही उगीच नाही. वजन दीड किलोच्या आसपास. बॅटरी नाही, उजेड मोजायची सोय नाही. 90 मिलिमीटरची लेन्स, आणि ती निघत नाही. वन-ट्वेंटीच्या रोलवर आठ फोटो बसतात. निगेटिव्ह साधारण 56 बाय 84 मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या पस्तीसच्या निगेटिव्हच्या पाचपटीहून मोठी. रोल पुढे न्यायला लिव्हर दोनदा ओढायची. तळाला एक इवलीशी खिडकी आहे, तिच्यात स्कूटरच्या मीटरसारखे आकडे. दर दहा फोटोंमागे एक आकडा पुढे सरकतो. माझ्याकडे आला तेव्हा तिथे 312 होतं. माझ्या आधी कुणीतरी या बटणावर तीन हजारांहून जास्त वेळा बोट दाबलेलं. जपानमध्ये सहलीला आलेल्या मंडळींचे ग्रुप फोटो काढणाऱ्यांचा हा हातखंडा कॅमेरा होता. तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली, डोळे किलकिले केलेली कितीतरी माणसं या काचेतून गेली असतील, असं आपलं मी धरून चालतो.

पण या कॅमेऱ्याची खरी गंमत त्याच्या अंतर मोजण्यात आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जितका जवळ तितकी उडी मोठी. रेंजफाइंडर म्हणजे एवढंच. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या, एकमेकींपासून काही अंतरावर. मोठीतून सगळं दृश्य दिसतं, धाकटीतून आलेली एक फिकट प्रतिमा त्याच दृश्याच्या मध्यावर पडते. लेन्सचं कडं फिरवलं की ती फिकट प्रतिमा सरकते. समोरच्या माणसाला चार डोळे असतात, मग तीन, मग दोन. दोन झाले की फोकस झाला. ही डोळ्यांची जुळवाजुळव मला इतकी आवडते की कधीकधी रोल नसतानाही मी ती करत बसतो.

हे काही आजचं नाही. कोडॅकने 1916 सालीच ‘थ्री-ए ऑटोग्राफिक स्पेशल’ या कॅमेऱ्यात अंतर मोजणं आणि लेन्सचा फोकस एकत्र जोडला होता. वन-ट्वेंटीचा रोल तर त्याहून जुना, 1901 चा. दोन्हींचं लग्न देखणं लावलं ते जर्मनीच्या झाइस आयकॉनने, 1934 च्या सुमाराला, सुपर आयकॉन्टामध्ये. मिटला की कोटाच्या खिशात जाणारा, उघडला की भाता बाहेर काढणारा कॅमेरा. त्यात अंतर मोजायला बऱ्याच रेंजफाइंडरांसारखा आरसा हलत नाही. लेन्सच्या शेजारच्या एका छोट्या दांडीवर काचेच्या दोन पातळ पाचरी असतात, आणि फोकस करताना त्या एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. हलणारा आरसा धक्क्याने बिघडतो, पाचर सहसा दगा देत नाही. युद्धानंतर रशियात क्रास्नोगोर्स्कला निघालेले ‘मस्क्वा’ कॅमेरे याच आयकॉन्टावरून बेतलेले.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत हुशार डोकं मामियाचं. 1940 साली आलेल्या ‘मामिया सिक्स’मध्ये फोकससाठी लेन्स हलतच नाही, मागची फिल्मच पुढेमागे होते. पाहुण्याला उठवायचं नाही, घरच्यांनीच सरकून घ्यायचं.

फुजीनेही आधी 1968 मध्ये जी-690 काढला तो लेन्सा बदलता येणारा. पण शटर लेन्समध्येच, म्हणजे लेन्स काढली की फिल्म उघडी पडणार. त्यासाठी आत एक पडदा आला, तो लावायचा, मग आठवणीने काढायचा. 1978 मध्ये त्यांनी ती सगळी उठाठेव बंद केली आणि एकच लेन्स अंगाला कायमची जोडून टाकली. जवळपास त्याच सुमाराला किमिओ दोई या जपानी कॅमेरा-व्यापाऱ्याने विकत घेतलेल्या प्लाउबेल या जुन्या जर्मन कंपनीचा माकिना-67 आला, निकॉरची 80 मिलिमीटरची लेन्स आणि कात्रीसारख्या पायांवर बाहेर येणारा भाता घेऊन. तो मी फक्त काचेच्या कपाटात पाहिलाय. किंमत विचारायचं धाडस झालं नाही.

बाबांचा कॅमेरा होता आग्फा क्लिक-3, बडोद्याला तयार होणारा. रोल हाच, वन-ट्वेंटी. अंतरबिंतर तो विचारायचा नाही. ऊन की ढग एवढं सांगायचं, डोळ्याशी घट्ट धरायचा, श्वास रोखायचा. आमची सगळी बालपणं त्यात चौकोनी झाली आहेत. स्वतः बाबा मात्र त्यांतल्या कशातच नाहीत. ते कायम या बाजूला.

म्हणून गेल्या दिवाळीत ठरवलं, या वर्षी बाबांना त्या बाजूला बसवायचं. पडवीत आरामखुर्ची मांडली. सकाळचं ऊन वईच्या झावळ्यांतून गाळून येत होतं. बाबा नवा सदरा घालून, केस विंचरून बसले, हात मांडीवर. हा कॅमेरा एक मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही, म्हणून मी त्या मीटरभर अंतरावर एक गुडघा टेकला. मीटरने उजेड मोजला, आकडे लावले. चष्म्याच्या दोन काड्यांची एक काडी केली. खण्‌! या शटरचा आवाज कपबशीवर चमचा आपटल्यासारखा येतो. बाबा दचकले, मग हसले. लिव्हर दोनदा. पुन्हा जुळणी. बाबा काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मी म्हणायचो, “हलू नका, बाबा.” असे आठ.

मोरीतून बाहेर आलो तो ओली पट्टी हातात घेऊनच. कॅमेरा मेजावर होता, त्या दिवशी ठेवला तसा. लेन्सवर काळं झाकण, घट्ट.

या कॅमेऱ्याची पाहायची खिडकी वेगळी, फोटो काढायचा डोळा वेगळा. डोळा मिटलेला असला तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. चौकट बरोबर, चष्मा बरोबर, सुरकुत्या बरोबर. लेन्समधूनच पाहायचा आरशाचा कॅमेरा असता तर पहिल्याच क्षणी काळोख दिसला असता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार लोकांना मी हे समजावून सांगितलेलं आहे.

बाबांना फोन केला. सांगितलं. पलीकडे थोडी शांतता, मग खोकला.

“झाकण ना? होतं की.”

“तुम्ही पाहिलंत?”

“समोरच तर होतं. सांगणार होतो, तर तू म्हणतोस हलू नका.”

“अहो, पण निदान नंतर तरी…”

“मला वाटलं, जपानी आहे. दिसत असेल त्याला झाकणातून.”

मग ते इतके हसले की फोन आईने घेतला आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

होळीला पुन्हा गेलो. तीच पडवी, तीच खुर्ची. ऊन मात्र आता वईवरून सरळ अंगावर. सदरा तोच, कारण “तो फोटोचा सदरा आहे”. मी गुडघा टेकला, कॅमेरा डोळ्याला लावला. चार डोळ्यांचे बाबा हळूहळू तीन डोळ्यांचे झाले.

“थांब,” ते म्हणाले. “आधी दाखव.”

मी कॅमेरा खाली घेतला, खिशातून झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मुठीत धरलं.

“हं. आता काढ.”

त्या रोलच्या आठही फोटोंत त्यांची उजवी मूठ मिटलेली आहे.