नऊशे चाळीस

२०२२ च्या एप्रिलमध्ये माझ्या एका आकड्यामुळे एका घरचा कांदा सडला. ज्यांचं नुकसान झालं त्यांची माफी मी मागितली, वर्गातही सगळं सांगितलं. तरी ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण माझी चूक पुस्तकातली होती आणि किंमत मोजली दुसऱ्यांनी.

निरगुडसरला मी मुलांना भूगोल शिकवतो. त्या महिन्यात सातवीच्या ‘हवेचा दाब’ या धड्याची उजळणी चालू होती आणि मी नुकताच नवा फोन घेतला होता. त्यात हवेचा दाब मोजायची सोय आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला. सकाळी दहाला फोन मुलांना दाखवला. ९४३ हेक्टोपास्कल. दुपारी चारला पुन्हा पाहिलं तर ९४०.

माझ्या वहीत निसर्ग चक्रीवादळाची टिपणं होती. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट ओलांडून आपल्या भागात शिरलं. घरांचे पत्रे उडालेले, पॉलीहाऊस फाटलेली मुलांनी स्वतः पाहिली होती. त्या वादळाच्या केंद्रातला दाब होता ९८४. आणि माझ्या हातात ९४०, तोही उतरत चाललेला. आकाशात थोडे ढग होते. मी फळ्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि सांगितलं, ‘मोठं वादळ येतंय, घरी सांगा.’

सातवीतल्या एका मुलीच्या घरचा कांदा तेव्हा नुकताच काढलेला होता. पातीसकट शेतात वाळत पडला होता. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर घरच्यांनी रात्री बॅटरीच्या उजेडात तो सगळा गोळा केला, ढीग लावला आणि वर ताडपत्री ओढली. तिसऱ्या दिवसापर्यंत पावसाचा थेंब नाही. ताडपत्री काढली तेव्हा खालून वाफ आली. मी गेलो तेव्हा मुलीची आजी ढिगाजवळ बसून कांदे निवडत होती. एक कांदा तिने माझ्या हातात दिला. वरून लालभडक, पण मान दाबली की अंगठा आत जायचा आणि बोटाला चिकट पाणी लागायचं. ‘पात वाळल्याशिवाय मान मिटत नाही, सर,’ एवढंच ती म्हणाली. तो माल बराखीत भरण्यासारखा राहिला नव्हता.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं. ‘उंचीनुसार हवेचा दाब कमी होतो, कारण द्या’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं पेपरात घातला आहे. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर असतो, त्याचं वजन म्हणजे दाब. जेवढं वर जावं तेवढा थर कमी, दर आठ-नऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल. हे मला तोंडपाठ होतं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. हवामान खातं वादळाचा दाब सांगतं तो समुद्रसपाटीचा. माझा फोन दाखवत होता तो शाळेच्या व्हरांड्यातला. त्यात पासष्ट-एक मिळवले की १००५ ते १००८ होतात, म्हणजे एप्रिलचा अगदी साधा दिवस.

दुसरी चूकही तितकीच मोठी होती. दहा ते चार या वेळात दाब उतरला म्हणून मी घाबरलो, पण आपल्याकडे तो रोजच उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारला तीन-एक हेक्टोपास्कलने खाली येतो, रात्री दहाला पुन्हा चढतो. आठवडाभर नोंदी ठेवल्या असत्या तर मुलांनीच मला हे सांगितलं असतं. मी एका दिवसाच्या दोन आकड्यांवर बोललो.

तिच्या वडिलांशी मी विहिरीवर बसून हे सगळं बोललो. ते रागावले नाहीत, पण ऐकून घेतल्यावर त्यांनी विहिरीत बोट दाखवलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावरची मोटार पाणी धरत नाही, म्हणून त्यांनी ती आतल्या टप्प्यावर उतरवली होती. मी वर्गात आजवर ‘मोटार पाणी ओढते’ असंच म्हणत आलो होतो. खरं तर मोटार पाइपातली हवा कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रकिनारी ही हवा पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटरच्या थोडं वर उचलू शकते. आमच्या ९४० ला ती ताकद साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि पाइपातली घासण, फुटव्हॉल्व्हची गळती धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच. गावातला प्रत्येक विहीरवाला ही मर्यादा ओळखतो. मी मात्र पाऱ्याची ७६ सेंटिमीटरची नळी फळ्यावर काढत राहिलो आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरींकडे मुलांना कधी नेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नेलं. मुलीचे वडील मोटारीत पाणी भरायला खाली उतरणारच होते. मी माझा फोन त्यांच्या खिशात दिला. काठावर मुलांनी वहीत ९४१ लिहिलं होतं. ते पायऱ्या उतरून मोटारीपाशी पोचले, फोन काढला, उजेडात धरला आणि खालून ओरडले, ‘बेचाळीस!’ मुलीने आकडा लिहून घेतला आणि बापाला पुन्हा विचारलं, ‘नीट बघा, नक्की बेचाळीसच ना?’