सध्या काय करता?

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेल्या एक बाई. सरकारी सर्व्हे होता, कोण काय काम करतं याचा. म्हटलं, या, बसा. आयुष्यभर दुसऱ्यांचा डेटा हाताळतोय, स्वतः डेटा व्हायची ही पहिलीच वेळ!

माझं आणि बायकोचं दोन मिनिटांत झालं. मग विषय आला मामेभावाचा. तो दीड वर्ष आमच्याकडेच राहतो, एकाच चुलीवर जेवतो, म्हणजे मोजायचा आमच्यातच.

"ते काय करतात?"

"सध्या काही नाही. जॉब शोधतोय," मी सहज म्हणून गेलो.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काही नाही कसं रे? काल रात्री बारा वाजता आला पोरगा. घरातला सिलिंडर कोण भरतो?"

तेवढ्यात साहेब स्वतःच बाहेर आले. "राहू दे दादा, मी सांगतो." बाईंनी विचारलं, गेल्या 7 दिवसांत रोज किती तास काम केलंत? तो म्हणाला, "अ‍ॅप किती तास चालू होतं ते सांगू, की ऑर्डर घेऊन किती तास फिरलो ते?" बाई क्षणभर थांबल्या. शेवटी टॅबवर काय गेलं ते मला दिसलं नाही.

रात्री डोक्यात किडा वळवळायला लागला म्हणून वाचत बसलो. 2017 साली आपल्याकडे 'नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण' सुरू झालं. त्यातल्या साप्ताहिक हिशेबात गेल्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलेला माणूस रोजगार असलेला धरतात. म्हणजे आठवड्यातून एक तास शिकवणी घेणारा आणि रोज दहा-अकरा तास रस्त्यावर असणारा आमचा भाऊ, दोघं एकाच रकान्यात. आणि माझं उत्तर तसंच गेलं असतं तर तो त्या रकान्यातही नसता. सरळ बेरोजगार!

हा घोळ फक्त आपल्याकडेच नाही बरं का. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने मे 2017 मधे लोकांना अ‍ॅप किंवा वेबसाईटवरून मिळणाऱ्या कामाबद्दल चार नवे प्रश्न विचारले. अनेकांना वाटलं, कामात कॉम्प्युटर वापरता का असं विचारतायत. दिलं 'हो' ठोकून. शेवटी एकेक उत्तर हाताने तपासावं लागलं आणि 3.3 टक्क्यांचा आकडा 1 टक्क्यावर आला. प्रश्न चार, त्यात ही तऱ्हा.

पण त्या लोकांना प्रश्न कळला नव्हता. मला तर कळला होता. माझ्या डोक्यात 'काम' म्हणजे ऑफर लेटर, पीएफ आणि गळ्यात पट्टा. बाकी सगळा टाईमपास. फॉर्म कितीही चांगला बनवा, घरातल्या कुणाबद्दल तिसराच उत्तर देणार असेल तर त्याचे पूर्वग्रहही आकड्यात जाणारच.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, "सॉरी रे." तो हेल्मेट चढवत म्हणाला, "चालायचंच दादा. फक्त गावी कुणी विचारलं तर तसं सांगू नकोस."

गावी मी आत्तापर्यंत तसंच सांगत आलोय. असो. आज संध्याकाळी मामाला फोन करायचाय.