मनवाचं कबूतर

चि. मुग्धा,

मनवाच्या चित्राचा फोटो मिळाला. खिडकीच्या ग्रिलवर अंग फुगवून बसलेलं करडं कबूतर, मानेवर हिरव्या खडूचा एकच फटकारा, लाल बोटांनी सळी घट्ट धरलेली. स्पर्धेचा विषय ‘शांतता’. बाई म्हणाल्या, हे शांतीचं कबूतर नव्हे. पांढरं कर, उडतं दाखव, चोचीत डहाळी दे. आणि तू विचारतेस, तिला बदलायला सांगू का?

आधी पिकासोचं १९४९ सालचं कबूतर बघ. पॅरिसच्या जागतिक शांतता परिषदेच्या पोस्टरवर तेच होतं. पांढरं आहे खरं, पण उडत नाही आणि चोचीत डहाळीही नाही. पावलांवर पिसं असलेलं, गप्प उभं राहिलेलं पाळीव कबूतर. चित्रकार मातिसनं त्याला असे पक्षी दिले होते. पिकासोचे वडीलही कबुतरंच रंगवायचे, म्हणजे हा पक्षी त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. जानेवारीत शिळाछाप निघाला तेव्हा ते नुसतं कबुतराचं चित्र होतं. कवी लुई आरागाँनं ते परिषदेसाठी निवडलं, एप्रिलमध्ये ते भिंतींवर लागलं, आणि तिथून ते शांतीचं झालं. तेही सगळ्यांसाठी नाहीच! पिकासो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, परिषदही डाव्यांची. पुढच्याच वर्षी विरोधकांनी कबुतराचा रणगाडा करून आपलं पोस्टर काढलं. पिकासोच्या घरात मात्र ते लेकीचं नाव झालं. त्याच एप्रिलमध्ये जन्मलेली पालोमा. स्पॅनिशमध्ये पालोमा म्हणजे कबूतर.

आपल्याकडे तर वाड्यात पारवे घुमतात म्हटलं की ओसाडपणच डोळ्यांपुढे येतं. तुझ्या आजीला माळ्यावर पारव्यानं घरटं केलेलं मुळीच खपत नसे.

ती डहाळी नोहाच्या गोष्टीतली, ऑलिव्हची. मनवानं ना ते झाड पाहिलंय, ना ती गोष्ट ऐकलीय. तिनं पाहिलंय ते ग्रिलवरचं कबूतर. तूच लिहिलं आहेस, ती म्हणाली, “दुपारी सगळे झोपले की ते येतं.” हे वाक्य मी चारदा वाचलं. तिची शांतता त्यात पुरी आली आहे. शांतता म्हणजे काय, हे तिला विचारायला हवं होतं, ते कुणी केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चित्राला हात लावू देऊ नकोस. बक्षीस गेलं तर जाऊ दे. कागदाच्या मागे ते वाक्य तिच्याच अक्षरात लिहून घे आणि स्पर्धा झाली की मूळ चित्र मला पाठव.

तुझी,
मावशी